गाडीच्या सीटवरचे ग्रीस आणि तेलाचे डाग कसे काढावेत?

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात गाडीच्या सीटला डाग लागायला एक तर गॅरेजमधले हात पुरतात, नाहीतर वलिम्याहून येताना कलंडलेला बिर्याणीचा डबा.

डाग दिसला की लगेच ओलं फडकं चोळू नका. तेल पाण्यात विरघळत नाही, उलट पसरतं आणि खालच्या फोममध्ये उतरतं. आधी वरचं ग्रीस चमच्याने कडेकडून मध्याकडे खरवडा. मग कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर दाबून टाका, अर्ध्या तासाने ब्रशने झाडा. वाटीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब फेटा आणि फक्त फेस घेऊन डाग टिपा. साबण तेलालाही धरतो, पाण्यालाही, म्हणून डाग सुटतो. शेवटी ओल्या फडक्याने साबण पुसून काढा, नाहीतर तिथेच धूळ चिकटते.

रेक्झिनला नुसता फेस पुरतो. छताचं कापड गोंदाने चिकटवलेलं असतं, फार भिजवलं की लोंबतं.

बरेच जण पेट्रोल लावतात. डाग निघतो खरा, पण ते करूच नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद गाडीत तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. कुणी लावलंच असेल, तर चारही दारं उघडा, मुलांना लांब ठेवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत चावी फिरवू नका.