शस्त्र कोणी घडवायचे? : मजकुराधारित बहुखेळाडू खेळांतील शस्त्रवस्तूंचा इतिहास

संगणकीय खेळांच्या इतिहासलेखनात चित्रे आणि पडदा यांना जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे शब्दांवर चालणाऱ्या खेळांना मिळाले नाही. 'मल्टी युजर डंजन', संक्षेपाने 'मड', या प्रकारच्या खेळात खेळाडूला तलवार दिसत नसे. तिचे एका ओळीचे वर्णन तेवढे वाचावयास मिळे. तिची धार, वजन, किंमत हे सारे आज्ञावलीत दडलेले असे. ही आज्ञावली लिहिण्याचा अधिकार कोणाकडे होता, या प्रश्नाचा वेध प्रस्तुत लेखात घेतला आहे. प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी मुळात तो सत्तेचा आहे.

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये पहिल्या मडचा आरंभ केला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी त्याचा विस्तार केला. खेळातील दालने व वस्तू यांचे वर्णन करण्यासाठी त्यांनी स्वतंत्र व्याख्याभाषा योजली होती. परंतु ती वापरणारे हात मोजकेच होते. खेळाडूने शस्त्र उचलावे, लढावे आणि लढाईत मेल्यास आपले पात्र कायमचे गमवावे, एवढाच त्याचा वाटा.

या व्यवस्थेला खरा छेद दिला तो स्वीडनमधील लार्स पेन्शो यांनी. १९८९ मध्ये त्यांनी 'एल.पी. मड' रचताना यंत्रणेचे दोन भाग केले. मूळ चालक आज्ञावली एकीकडे आणि खेळाचे जग दुसरीकडे. हे जग 'एल.पी.सी.' या सी भाषेच्या वळणाच्या भाषेत लिहिले जाई. सामान्यतः खेळात वरची पातळी गाठणारा खेळाडू 'विझार्ड' होई आणि त्याला स्वतः वस्तू घडविण्याची मुभा मिळे. शस्त्र घडविणे हे बहुधा त्याचे आरंभीचे काम. शस्त्राची सामाईक फाईल वारसाहक्काने घ्यायची. मग नाव, वजन, किंमत आणि शस्त्राचा दर्जा ठरविणारी फंक्शन्स लिहायची.

येथवर सारे आकडेच होते. खरी गंमत प्रहाराच्या क्षणी होती. घाव घालताना शस्त्राकडे विचारणा होई आणि विझार्डने लिहिलेले फंक्शन जादा हानीचा आकडा परत देई. समोरचा प्राणी राक्षसकुळातील असेल तर दहा अधिक, अन्यथा शून्य, अशी अट काही ओळींत मांडता येई. तलवार गाऊ शकत असे, मालकाला नाकारू शकत असे. खेळ चालू असतानाच नवे शस्त्र त्यात दाखल करता येई, ही सोयही लहान नव्हती. अर्थात, ज्याच्या हाती फंक्शन त्याच्या हाती अतिरेकही! एका अविचारी आकड्याने इतरांची सारी शस्त्रे निरुपयोगी ठरू शकत. म्हणून अनेक ठिकाणी ज्येष्ठ विझार्डांनी नव्या शस्त्रांची तपासणी करण्याची पद्धत रूढ झाली. लोहाराच्या भट्टीवर पंचायतीची देखरेख आली, असे म्हणता येईल.

कोपनहेगन विद्यापीठातील पाच विद्यार्थ्यांच्या 'डिकूमड'ने १९९१ मध्ये नेमकी उलट वाट धरली. येथे शस्त्र ही आज्ञावली नव्हती, नोंद होती. वस्तूच्या नोंदीत चार मूल्ये असत. शस्त्राच्या बाबतीत त्यांपैकी एक फाशांची संख्या, दुसरे फाशाच्या बाजू आणि तिसरे प्रहाराचा प्रकार सांगे. एक फासा, आठ बाजू: झाली तलवार तयार. आज्ञावलीचे ज्ञान नसलेल्यालाही ती लिहिता येई, हे या पद्धतीचे मोठे श्रेय आहे. मात्र शस्त्राला काही वेगळे वर्तन द्यायचे झाल्यास मूळ सी आज्ञावलीत हात घालावा लागे, आणि तेथे प्रवेश चालकांनाच होता. लिहिणारे हात वाढले, पण काय लिहिता येईल याची कुंपणे चालकांनी आधीच घातलेली होती.

प्रस्तुत लेखकाच्या मते एल.पी. मडची कल्पना अधिक समृद्ध होती. प्रसार मात्र डिकूच्या घडणीचाही फार मोठा झाला. उभे करण्यास सोपे आणि आरंभीच खेळण्याजोगे जग सोबत देणारे असल्यामुळे त्याच्या अनेक शाखा निघाल्या. १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या चित्रमय व्यापारी खेळाचे डिकूशी साम्य इतके जाणवले की, त्यात डिकूची आज्ञावली वापरली असल्याची शंका घेतली गेली. डिकूचा परवाना नफ्यासाठी वापर करण्यास मनाई करीत होता. अखेर २००० मध्ये एव्हरक्वेस्टच्या निर्मात्यांनी अशी आज्ञावली वापरली नसल्याचे शपथपत्र दिले.