पिस्टनचे कडे

यंत्रयुगाचा इतिहास सांगताना मोठ्या शोधांची नावे सहज ओठांवर येतात. परंतु ज्या लहान वस्तूंवाचून ते शोध वाया गेले असते, त्यांची आठवण क्वचितच काढली जाते. पिस्टनचे कडे, ज्याला कारखान्यात रिंग म्हणतात, ही अशीच एक वस्तू आहे. बिडाचे एक बारीक वेढे, एका जागी छेद दिलेले. सिलिंडरमध्ये इंधनाचा भडका उडतो, त्याचा दाब पिस्टनला खाली रेटतो, आणि तो दाब बाजूने निसटू न देण्याचे काम हे कडे करते. ही साधी दिसणारी युक्ती सापडण्यास वाफेच्या एंजिनाच्या उदयानंतर १४० वर्षे जावी लागली.

इंग्लंडात डडलीजवळ टॉमस न्यूकोमेनने १७१२ साली खाणीतील पाणी उपसणारे वाफेचे एंजिन उभारले, तेव्हा काटेकोर गोलाईचे सिलिंडर करण्याची विद्या अवगत नव्हती. पिस्टन आणि सिलिंडर यांमधील मोकळी जागा चामड्याच्या चकतीने बुजवीत आणि वर पाण्याचा थर ठेवीत. जेम्स वॉटने १७६९ साली वेगळ्या संघनकाचे एकस्व मिळविले. सिलिंडर सतत तप्त राहावा, हे त्याच्या रचनेचे मर्म असल्यामुळे पाण्याचा थर ठेवण्याची सोय उरली नाही. मग चरबीत भिजविलेल्या तागाची वेटोळी पिस्टनभोवती आवळण्यात येऊ लागली. जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्याच्या आपल्या यंत्राची विद्या १७७५ च्या सुमारास वॉटच्या सिलिंडरांसाठी उपयोगात आणली, आणि गोलाईतील चूक एखाद्या नाण्याच्या जाडीइतकी खाली आली. तरीही ताग झिजे, जळे, आणि पुनःपुन्हा भरावा लागे. एडमंड कार्टराइटने १७९७ साली धातूचे तुकडे स्प्रिंगांनी बाहेर दाबून धरणारा पिस्टन सुचविला. पण त्याची रचना गुंतागुंतीची होती.

या प्रश्नाचे उत्तर जॉन रॅम्सबॉटम या आगगाडीच्या एंजिनांच्या अभियंत्याने दिले. १८५२ साली त्याने एकस्व घेतले ते अगदी साध्या कल्पनेचे होते. पिस्टनवर अरुंद खाचा कोरायच्या आणि त्यांत सिलिंडरच्या व्यासाहून सुमारे दहाव्या हिश्शाने मोठे, छेद दिलेले कडे आवळून बसवायचे. आवळलेले कडे पुन्हा उमलू पाहते, आणि त्या धडपडीतच ते सिलिंडरच्या भिंतीला चिकटून राहते. निराळ्या स्प्रिंगांची गरज राहिली नाही. कडे हीच स्प्रिंग झाली. पहिली कडी सर्व बाजूंनी सारखी झिजेनात, म्हणून १८५५ साली त्याने मोकळ्या कड्याचा आकार किंचित बदलून भिंतीवरचा दाब सर्वत्र समान केला. त्याआधी दोनच वर्षे, १८५३ च्या एप्रिलात, मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली होती.

पुढे वाफ मागे पडली, पण कडे टिकले. तेलाच्या एंजिनात स्फोटाचा वायू कड्याच्या पाठीमागे खाचेत शिरतो आणि त्यास भिंतीवर अधिकच दाबतो. म्हणजे दाब जसा वाढतो, तशी पकडही वाढते. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या २५० घनसेंटिमीटरच्या जावा मोटारसायकलीत पिस्टनचा प्रवास ७५ मिलिमीटरचा असे. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वेगात तिचे कडे सेकंदाला सरासरी दहा मीटर घासत जाई. तो कारखाना १९९६ साली बंद पडला; परंतु त्या गाड्या, तशाच खेडोपाडी दुधाचे कॅन वाहिलेल्या राजदूत, यांना नव्या रिंगा बसविणारे मिस्त्री अजून आहेत. ज्याची मिळकत अशा गाडीवर अवलंबून असे, त्याच्या दृष्टीने मिस्त्रीचा हा अर्धा दिवस फार मोलाचा असे.

या कामातील सारे कसब त्या छेदाच्या फटीत आहे. नवे कडे प्रथम पिस्टनवर चढवीत नाहीत. ते मोकळ्या सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकलतात आणि दोन टोकांमधील फट पातळ पोलादी पट्ट्यांच्या फीलर गेजने मोजतात. ६५ मिलिमीटर व्यासाला सुमारे पाव मिलिमीटर फट लागते. फट कमी असेल तर तापलेल्या कड्याची टोके परस्परांना भिडतात, कडे मोडते, आणि सिलिंडरवर ओरखडे उठतात. फट अधिक असेल तर दाब निसटतो. हीच फट सिलिंडरची झीजही सांगते. तेच कडे झिजलेल्या जागी व न झिजलेल्या जागी मोजावे. दोन फटींतील फरकास ३.१४ ने भागले की व्यासात किती वाढ झाली ते कळते. झीज मर्यादेपलीकडे गेली असेल तर नव्या रिंगांनी काही साधत नाही. सिलिंडर कोरून मोठ्या मापाचा पिस्टन घालणे भाग पडते.

नंतर खाचांतील काजळी काढावयाची. त्यासाठी जुन्या मोडक्या रिंगेचा तुकडा हेच उत्तम हत्यार. त्याची जाडी खाचेच्याच मापाची असते. बीड ठिसूळ, म्हणून कडे गरजेपुरतेच फाकवावे. दोन धावांच्या एंजिनात खाचेत एक लहानशी खिळी असते. टोके तिच्या दोन बाजूंस यावी लागतात. कारण कडे फिरले आणि टोक सिलिंडरच्या भिंतीतील वायूमार्गात अडकले, तर सारा खर्च पाण्यात जातो. म्हणूनच सिलिंडर खाली उतरविताना तो पिळू नये.

एवढे करूनही काम संपत नाही. नवे कडे आणि सिलिंडरची भिंत पहिल्या काही शे किलोमीटरांत एकमेकांना घासून जुळतात. तोवर गाडी बेताने हाकावी लागते. तागाच्या वेटोळ्यांपासून फीलर गेजपर्यंतच्या या इतिहासाचा बोध असा की, फट पूर्णपणे बुजविण्याच्या खटपटीत माणसाला यश आले नाही. तिला नेमके माप देऊन तिच्याकडून काम करून घेतले, तेव्हाच एंजिन भरवशाचे झाले. ते माप न घेता घाईने रिंग बसविणाऱ्यास रस्त्यातच थांबावे लागते.