स्फटिकाच्या दिव्याची कथा

श्रोतेहो, ज्या बिनतारी विद्येमुळें माझे हे चार शब्द आपल्या घरीं पोंचत आहेत, तिच्याच पोटीं आजच्या घरोघरच्या एल्. ई. डी. दिव्याचा जन्म झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १९०७ सालीं मार्कोनी कंपनीचे हेन्री राउंड हे बिनतारी संदेश टिपणारे स्फटिक तपाशीत होते. कार्बोरंडमच्या खड्यांतून वीज सोडतांच पिवळसर उजेड दिसला. एका लहानशा टिपणांत ही हकीकत छापून ते दुसऱ्या कामास लागले.

पुढें रशियांतील ओलेग लोसेव्ह यांनीं १९२७ सालीं या उजेडाविषयीं सविस्तर लिहिलें. जुन्या दिव्यांत तार तापून उजळते व बहुतेक वीज उष्णतेंत व्यर्थ जाते. स्फटिकाचा उजेड मात्र शीत आहे, हें त्यांनीं ओळखलें. १९४२ सालीं लेनिनग्राडच्या वेढ्यांत उपासमारीनें त्यांचा अंत झाला.

१९६२ सालीं, म्हणजे कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें त्याच वर्षीं, अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं तांबडा दिवा सिद्ध केला. परंतु निळ्यावांचून पांढरा प्रकाश साधेना. निळ्यासाठीं गॅलियम नायट्राइड हा अर्धवाहक हवा. तो वाढवावयाचा नीलमणीच्या चकतीवर, आणि दोहोंच्या अणूंच्या ओळींत सुमारें १५ टक्क्यांचें अंतर! आमच्या शेजारच्या इचलकरंजींत कोणीही सांगेल कीं, निरनिराळ्या विणीचीं दोन कापडें एकत्र शिवलीं तर चुण्या पडावयाच्याच. जपानांत आकासाकी व आमानो यांनीं १९८६ सालीं मध्यें एक पातळ थर घालून ही अडचण पुष्कळ कमी केली. नाकामुरा यांनीं १९९३ सालीं तेजस्वी निळा दिवा पुढें आणला. २०१४ चें नोबेल पारितोषिक या तिघांस मिळालें. तरी दर चौरस सेंटीमीटरांत कोट्यवधि दोष राहिलेच.

आतां संशोधकांची दृष्टि सूक्ष्म तंतूंकडे आहे. यांस नॅनोतारा म्हणतात. सोन्याच्या थेंबाखालीं सिलिकॉनचा तंतु वाढतो, हें वॅग्नर व एलिस यांनीं १९६४ सालीं दाखविलें होतें. आजच्या तारा माणसाच्या केसाच्या शेंकडों पट बारीक असतात. शिरोळच्या फडांतील उसाप्रमाणें त्या चकतीवर दाटीनें उभ्या राहतात. प्रत्येकीचें बूड इतकें अरुंद कीं, अणूंच्या ओळींचा ताण कडेनें सैल होतो व दोष फारसे उरत नाहींत. हिरव्या प्रकाशाचे दिवे अद्याप निळ्याच्या मानानें दुबळे आहेत. तेथें या युक्तीचा विशेष भरंवसा वाटतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतही अर्धवाहकांच्या अशा तारा वाढविल्या गेल्या आहेत. घरगुती दिव्यांत मात्र त्या अजून रुळलेल्या नाहींत.

जुन्या ६० वॅटच्या दिव्याएवढा उजेड आज सुमारें ९ वॅटचा दिवा देतो. राउंड यांच्या टिपणापासून होलोन्याक यांच्या दिव्यापर्यंत ५५ वर्षें गेलीं. एखाद्या विद्यार्थ्यानें "गुरुजी, हें असें कां होतें?" असें विचारल्यास त्यास गप्प बसवूं नये, एवढा बोध शिक्षकांनीं या इतिहासांतून अवश्य घ्यावा.