निशिगंधाचा कंद की 'ख्रिसमस ट्री'?

मे अखेरीस पावसाची चाहूल लागली, की शहरांतील रोपवाटिकांकडे बागप्रेमींची पावले वळू लागतात. गॅलरीतल्या चार कुंड्यांपासून गृहनिर्माण संस्थेच्या आवारापर्यंत कोठे काय लावावे, याचा विचार याच दिवसांत होतो. अशा वेळी दोन गोष्टी हमखास समोर येतात. एक म्हणजे निशिगंधाचे मातकट कंद आणि दुसरे म्हणजे मजल्यामजल्यांनी फांद्या पसरलेले, 'ख्रिसमस ट्री' किंवा 'पाइन' म्हणून विकले जाणारे डौलदार रोप. एक सुगंधासाठी घेतले जाते, दुसरे रूपासाठी. मात्र निवड करताना सर्वाधिक महत्त्वाचा मुद्दा बहुधा मागे पडतो, तो म्हणजे काळाचा. कंद लावण्याचा निर्णय दोन-तीन वर्षांपुरता असतो. वृक्ष जमिनीत लावण्याचा निर्णय मात्र पुढच्या पिढ्यांनाही बांधून ठेवतो.

नावांचा घोळ

या दोन्ही वनस्पतींची प्रचलित नावे दिशाभूल करणारी आहेत. निशिगंधाला इंग्रजीत 'ट्युबरोज' म्हणतात. पण त्याचा गुलाबाशी काहीही संबंध नाही. 'ट्युबरोसा' म्हणजे कंद असलेली, या लॅटिन शब्दाचा तो अपभ्रंश आहे. आपल्याकडे गुलछडी या नावानेही ओळखली जाणारी ही वनस्पती मूळची मेक्सिकोची. तिचे शास्त्रीय नाव अनेक वर्षे 'पॉलिॲन्थस ट्युबरोसा' असे होते. नव्या वर्गीकरणानुसार तिचा समावेश घायपाताच्या, म्हणजे 'अगेव्ह' प्रजातीत झाला असून 'अगेव्ह अमिका' हे नाव रूढ होत आहे.

रोपवाटिकेतला 'पाइन'ही खरा पाइन नव्हे. त्याचे नाव ॲरोकेरिया. पॅसिफिक महासागरातील नॉरफोक बेटावरची 'ॲरोकेरिया हेटेरोफायला' आणि न्यू कॅलेडोनियातील 'ॲरोकेरिया कॉलम्नॅरिस' या दोन जातींची रोपे एकमेकांसारखी दिसतात आणि बाजारात त्यांची सरमिसळ होते. खरे पाइन 'पायनस' प्रजातीतील असून त्यांची सुईसारखी पाने बहुधा दोन, तीन किंवा पाचच्या जुडग्यांनी येतात. चीड, कैल, चिलगोजा हे भारतातील पाइन हिमालयाच्या परिसरातले. महाराष्ट्रात नैसर्गिकरीत्या वाढणारा एकही पाइन नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूचे बन पाहून अनेकांना पाइनचा भास होतो. परंतु सुरू हा फुले येणारा, सर्वस्वी वेगळ्या कुळातला वृक्ष आहे. त्याच्या 'सुया' म्हणजे वास्तविक सांधे असलेल्या बारीक हिरव्या डहाळ्या होत.

कंदाचे गणित

कंद म्हणजे वनस्पतीने जमिनीखाली साठवलेली शिदोरी. या साठ्याच्या बळावर निशिगंध अल्पावधीत फुलावर येतो. मार्च ते मे हा लागवडीचा योग्य काळ. कंद निरोगी, टणक आणि साधारण दोन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक व्यासाचा असावा. सुमारे पाच सेंटिमीटर खोल आणि वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावर तो लावला, की साधारणपणे तीन महिन्यांत फुलांचे दांडे दिसू लागतात. दांड्यावरील कळ्या खालून वर उमलत जातात.

निशिगंधाचे प्रामुख्याने दोन प्रकार लावले जातात. एकेरी पाकळ्यांचा प्रकार अधिक सुवासिक असतो आणि हार, वेण्या, तसेच सुगंधी द्रव्यासाठी वापरला जातो. दुहेरी पाकळ्यांचा प्रकार फुलदाणीसाठी पसंत केला जातो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेले 'शृंगार' आणि 'प्रज्वल' हे एकेरी, तर 'सुवासिनी' आणि 'वैभव' हे दुहेरी प्रकारातले वाण आहेत. फूल पांढरे आणि सुगंध रात्री अधिक तीव्र, या दोन्ही गोष्टी निशाचर पतंगांना आकर्षित करण्यासाठी असतात. खिडकीजवळच्या कुंडीचा दरवळ संध्याकाळनंतर घरभर पसरतो. बंद खोलीत मात्र तो काहींना उग्र वाटू शकतो.

कंदाच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. त्याला दिवसातून किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते. सावलीच्या गॅलरीत पानांचे झुबके वाढतात, फूल येत नाही. पाणी साचल्यास कंद कुजतो. त्यामुळे कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे असणे आणि मातीत वाळू व शेणखत मिसळलेले असणे आवश्यक आहे. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्याभोवती तयार होणारे लहान कंद पुढील बहर देतात. ही गर्दी वाढत गेल्यावर फुले लहान होऊ लागतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी कंद खणून काढावेत, काही आठवडे सावलीत कोरडे ठेवावेत आणि मोठे निवडून पुन्हा लावावेत. उरलेले शेजाऱ्यांना द्यावेत.

वृक्षाचे गणित

कुंडीतला हात-दीड हात उंचीचा ॲरोकेरिया पाहून त्याच्या भवितव्याची कल्पना येत नाही. नॉरफोक बेटावर हा वृक्ष पन्नास मीटर आणि त्याहूनही उंच वाढतो. म्हणजे सुमारे सोळा मजली इमारतीइतका. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याने १७७४ मध्ये या बेटावर पाऊल ठेवले, तेव्हा हे सरळसोट वृक्ष पाहून जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी ते उपयोगी पडतील, अशी त्याची अपेक्षा होती. पुढे ते लाकूड त्या कामाला योग्य नसल्याचे आढळले. वृक्षाचे रूप मात्र जगभर पोहोचले. खारे वारे सोसण्याची क्षमता असल्याने अनेक देशांच्या किनारी शहरांत तो लावला गेला.

ॲरोकेरियाचे सौंदर्य त्याच्या सममितीत आहे. मध्यभागी एकच शेंडा सरळ वर जातो आणि ठरावीक अंतरावर फांद्यांची चक्रे फुटतात. नेमकी हीच रचना छाटणीला वाव देत नाही. उंची आवरण्यासाठी शेंडा उडवला, तर झाडाचा आकार कायमचा बिघडतो. खालची फांदी वाळून गळाली, तर त्या जागी नवी येत नाही. बाजूच्या फांदीपासून रोप तयार करण्याचा प्रयत्न केल्यास ते सरळ वर न जाता आडवेच वाढत राहते. त्यामुळे रोपे बियांपासून किंवा शेंड्याच्या छाटापासून करावी लागतात.

कुंडीत त्याची वाढ मंदावते आणि काही वर्षे तो आटोक्यात राहतो. त्यासाठी भरपूर उजेड हवा. प्रकाश एकाच बाजूने येत असेल, तर दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी. वातानुकूलित खोलीतील कोरड्या हवेत खालच्या फांद्या पिवळ्या पडतात. एका कुंडीत तीन-चार रोपे एकत्र लावून विकण्याची पद्धत आहे; घेतेवेळी ते पाहून घ्यावे. कुंडी लहान पडू लागली, की प्रश्न उभा राहतो: आता हे झाड न्यायचे कुठे?

कायद्याची बाजू

बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर 'सोसायटीच्या आवारात' असे असते. कुंपणाची भिंत आणि इमारत यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात ते झाड लावले जाते आणि वीस वर्षांनी त्याच्या फांद्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना टेकतात. तोपर्यंत लावणारे कुटुंब दुसरीकडे गेलेले असते आणि वाद उरलेल्या सभासदांच्या वाट्याला येतो.

झाड नको झाले म्हणून कुऱ्हाड चालवता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये शहरी भागात खासगी जागेतील झाड तोडण्यासाठीही पूर्वपरवानगी घ्यावी लागते. २०२१ मध्ये या कायद्यात झालेल्या सुधारणेने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'हेरिटेज वृक्ष' म्हणून विशेष संरक्षण मिळाले आहे. शहरांतील हिरवाई टिकवण्यासाठी हा कायदा आवश्यकच आहे. त्याचा धाक तोडताना वाटण्यापेक्षा त्याची आठवण लावताना व्हावी, हे अधिक शहाणपणाचे.

निवड कशी करावी?

भाड्याचे घर, उन्हाची गॅलरी आणि हाताशी थोडा वेळ असेल, तर निशिगंधाला पर्याय नाही. चूक झाली तरी पुढच्या हंगामात ती दुरुस्त करता येते आणि घर बदलताना कंद पिशवीत घालून नेता येतात. ऊन कमी पण उजेड भरपूर असेल आणि फुलांची ओढ नसेल, तर ॲरोकेरिया कुंडीत ठेवावा. मात्र तो कायमचा कुंडीत राहणार नाही, हे आधीच गृहीत धरावे.

जमिनीत तो लावायचा असेल, तर इमारत, विजेच्या तारा आणि भूमिगत वाहिन्या यांपासून पुरेशी दूर, चारही बाजूंनी मोकळी जागा हवी. खोडाभोवती माती उघडी राहिली पाहिजे. काँक्रीट वा फरशी बुंध्याला भिडता कामा नये. सोसायटीच्या आवारात लावताना सर्वसाधारण सभेत विषय मांडून जागा निश्चित करावी. एवढी मोकळी जागा उपलब्ध असेल, तर बकुळ, सीतेचा अशोक किंवा सुरंगी या आपल्या मातीतल्या सुगंधी वृक्षांचाही विचार अवश्य व्हावा.

रोपवाटिकेत पाऊल टाकताना 'किती सुंदर दिसते' या प्रश्नाबरोबर 'वीस वर्षांनी हे कोठे असेल' हा प्रश्नही मनाशी ठेवावा. उत्तर सुचत नसेल, तर त्या वर्षी कंदच घरी आणावेत.