तीन वर्षांची बी.एस्सी.

तुमची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. तीन वर्षांची असेल, तर १९७७ सालचा एक अमेरिकी निकाल तुम्हाला ठाऊक असायला हवा. ‘मॅटर ऑफ शाह’ हे त्याचं नाव. अमेरिकेत बॅचलर पदवीला साधारण चार वर्षं लागतात, म्हणून भारतातली तीन वर्षांची पदवी तिच्या बरोबरीची नाही, असं इमिग्रेशन खात्याने ठरवलं. आपल्याकडे तेव्हा दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध नुकताच रुळत होता!

१९९० च्या कायद्यानंतर एच-वन-बीच्या नियमांनी वाट काढून दिली. त्याच क्षेत्रातला, पदवीधराच्या तोडीच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव म्हणजे कॉलेजचं एक वर्ष. बी.एस्सी. आणि तीन वर्षं नोकरी, झाली चार वर्षं. पण ग्रीन कार्डाच्या ईबी-टू वर्गात पदवीला अनुभवाचं ठिगळ चालत नाही. तिथे मास्टर्सऐवजी बॅचलर आणि पाच वर्षांचा चढता अनुभव चालतो खरा, मात्र ती बॅचलर एकसंध हवी. व्हिसाच्या फायलीतला पदवीधर ग्रीन कार्डाच्या फायलीत पदवीधर राहत नाही.

माझ्या एका मित्राला हे पाचव्या वर्षी कळलं. एच-वन-बीची मुदत एरवी सहा वर्षांची. ईबी-थ्रीच्या कुशल कामगार वर्गात दोन वर्षांचा अनुभवही पुरतो, पण कंपनीने लेबर सर्टिफिकेशनमध्ये नोकरीची अट तशी लिहिलेली हवी. त्याच्या कागदावर ‘बॅचलर’ एवढंच होतं. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

मी एम.एस्सी. केलं ते नोकरी मिळेना म्हणून. त्या दोन वर्षांनी मला तारलं. त्यात हुशारी कसली?