सत्तर बाइटांची जागा

एसक्यूलाइटची १.०.१२ ही आवृत्ती १७ ऑक्टोबर २००० रोजी निघाली. रिचर्ड हिप यांचा हा डेटाबेस तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठी काम करताना त्यांना तो सुचला. आज तो जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये असतो. त्या आवृत्तीत शिरलेली एक चूक सापडली थेट २०२२ साली. माझी नोकरी सी भाषेतली, त्यामुळे तो कोड मी बारकाईने वाचला. निष्काळजी हाताचं ते काम नव्हेच.

मजकुरात एकेरी अवतरणचिन्ह आलं, की एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ते दोनदा लिहावं लागतं आणि मजकूर लांबतो. म्हणून कोड आधी एकूण लांबी मोजतो. ती सत्तर बाइटांत बसली तर हाताशी ठेवलेली छोटी जागा वापरतो, नाहीतर नवी मागून घेतो. पण ही बेरीज होती ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये, आणि त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. त्यात एक मिळवला की आकडा उणे होतो. उणे आकडा सत्तरहून लहानच! मग दोन जीबीचा मजकूर त्या सत्तर बाइटांत ओतला जातो आणि शेजारची मेमरी तुडवत सुटतो.

२००० साली यंत्रं बहुतेक ३२ बिटांची. एवढा मजकूर तिथे येणार कुठून? पुढे ६४ बिटांची यंत्रं सगळीकडे झाली आणि तोच कोड धोक्याचा ठरला. एसक्यूलाइटच्या चाचण्या कोडच्या प्रत्येक फाट्यावरून जातात, तशा या फाट्यावरूनही गेल्या होत्या. एवढा मोठा आकडा घेऊन मात्र नाही.

ट्रेल ऑफ बिट्स या सुरक्षा कंपनीने चूक शोधली आणि गाजावाजा न करता १४ जुलै २०२२ ला सर्ट या समन्वय केंद्राला कळवली. १८ तारखेला एसक्यूलाइटकारांनी ती मान्य करून दुरुस्त केली, २१ ला ३.३९.२ आवृत्ती आली. सगळा तपशील जाहीर झाला तो ऑक्टोबरात. आधी बनवणाऱ्याला सांगायचं, मग जगाला, ही आमच्या धंद्यातली रीत मला मनापासून पटते. नाहीतर कुलूप बदलण्याआधीच किल्ली चौकात टांगल्यासारखं होतं.

दुरुस्ती म्हणाल तर आकड्यांना ६४ बिट दिले. पण एसक्यूलाइट ज्या-त्या प्रोग्रामच्या पोटात बांधलेलं असतं. मूळ कोड सुधारला म्हणून जुन्या प्रती आपोआप सुधारत नाहीत. म्हणून नवं काम हातात आलं की मी पहिली क्वेरी आवृत्ती विचारणारी चालवते, आणि ३.३९.२ च्या मागचा आकडा दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती बदलायला लावते.