टनांत न मोजलेला इतिहास : आपल्या खदानी आणि कामगारांचे आरोग्य

बाहेरगावच्या पाहुण्यांना बालाघाट म्हणजे कान्हाचे जंगल आणि चिन्नोर तांदूळ. आम्हा बालाघाटकरांसाठी तिसरी गोष्ट असतेच, ती मँगनीज. भरवेली, उकवा, तिरोडी ही नावे आपल्या घरांत नातेवाइकांच्या गावांसारखी उच्चारली जातात. कुणाचे आजोबा तिथे हजेरी लिहीत, कुणाचे काका खदानीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. या खदानींचा इतिहास आपण नेहमी टनांत सांगतो. यंदाच्या स्मरणिकेत तो कामगाराच्या प्रकृतीच्या अंगाने सांगावा, असे आम्हाला वाटले.

१८९६ साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झाली. तीच पुढे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाली. कंपनी विलायतेत नोंदलेली आणि मालाचे गिऱ्हाईकही मुख्यतः परदेशी. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती. सातपुड्याच्या या जंगलपट्ट्यातला हिवताप कुप्रसिद्ध होता. मजूर तापाने पडला की माल निघत नाही, एवढे कोणत्याही व्यवस्थापकाला कळत होते. त्यामुळे कोयनेल आणि दवाखाना यांचे महत्त्व कुणाला पटवून द्यावे लागत नव्हते. यात दया थोडी आणि हिशेब जास्त, असे आमचे मत आहे. पण हिशेबाने का होईना, औषध मिळाले.

याच प्रांताच्या राजधानीत दुसरेही एक उदाहरण होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. त्यावेळी कायद्याची तशी सक्ती नव्हती. कामगारांना अशी भरपाई देणारा कायदा आला १९२३ मध्ये. म्हणजे मालकाने मनात आणले तर काय होऊ शकते, हे आपल्या प्रांताला आधीच माहीत होते.

खदानीत मात्र मालकाच्या मनावर फारसे काही झाले नाही. जे झाले ते कायद्याने, आणि तेही सावकाश. मुंबईच्या गिरण्यांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. खाणकामगाराला आठवड्याचा एक सुटीचा दिवस कायद्याने मिळायला १९२३ चा खाण कायदा यावा लागला. मधली तेहतीस वर्षे. त्याच कायद्याने जमिनीखालचे काम आठवड्याला चोपन्न तासांवर आणि वरचे साठ तासांवर आणले. तेरा वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली, ती त्यांना घेतले जात होते म्हणूनच.

मध्य प्रांतातील मँगनीजच्या उघड्या खदानींत बायकाही मोठ्या संख्येने होत्या. पुरुषाने फोडायचे, बाईने टोपलीतून वाहायचे आणि निवडायचे, अशी जोडीची रीत असे. बाळंतपण आले की मजुरी बंद. मध्य प्रांताचा प्रसूती लाभ कायदा १९३० चा, मुंबईनंतर वर्षभरातच झालेला. खाणींसाठी स्वतंत्र प्रसूती लाभ कायदा १९४१ मध्ये झाला आणि १९४३ मध्ये मजूर खात्याचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.

एवढे सगळे झाले तरी धुळीबद्दल अजून कुणी बोलत नव्हते. इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते.

मँगनीजची बारीक भुकटी वर्षानुवर्षे श्वासातून आत गेली तर ती मेंदूवर परिणाम करते. चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार होतो, बोलणे अडखळते, हात थरथरतात, चाल बदलते आणि मागे पाऊल टाकताना तोल जातो. अशा माणसाला गावात दारुडा म्हणणे सोपे असते. प्रत्येक खाणकामगाराला हा आजार होत नाही. धोका विशेषतः तिथे, जिथे दगड कोरडाच भेदला जातो किंवा दळला जातो. जॉन कूपर नावाच्या डॉक्टरने स्कॉटलंडमधील मँगनीज दळणाऱ्या मजुरांत हा विकार पाहून १८३७ मध्येच लिहून ठेवला होता. आपल्याकडे खाण कायद्याखाली ‘मँगनीज विषबाधा’ हा सरकारला कळवण्याचा आजार ठरला १९५२ मध्ये. सिलिकोसिसही त्याच यादीत आला. दगडातल्या सिलिकाने फुप्फुसे कडक होतात, खोकला येतो, दम लागतो. त्यावर क्षय समजून उपचार होत राहिल्याची उदाहरणे देशभर आहेत.

उपाय अगदी साधा आहे : पाणी. भेदताना पाणी सोडले की धूळ उडत नाही, जागेवरच बसते. धातुखाणींच्या १९६१ च्या नियमावलीत धूळ दाबण्याची तरतूद आहे. पुढच्याच वर्षी ‘मॉइल’ उभी राहिली. तिच्यात केंद्राबरोबर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोघांचाही वाटा होता. १९५६ मध्ये राज्ये वेगळी झाली, तरी खदानींनी आपले नागपूरशी नाते तोडले नाही. १९७७ मध्ये जुन्या कंपनीचे उरलेले भागही सरकारने घेतले. त्याआधी १९७६ मध्ये लोह व मँगनीज खाणकामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला होता. ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणीही खाणींच्या नियमांत आली. भरवेलीची खदान आज चारशे मीटरहून खोल गेली आहे. तिथे हवा खेळती ठेवणे हेच निम्मे आरोग्य, असे म्हटले तरी चालेल.

पण हे सारे ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याच्यासाठी. ठेकेदाराकडच्या माणसाचे काय? आणि आपल्या जिल्ह्यात, शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्यातही, ज्या बायका घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात त्यांचे काय? त्यांचे घर हेच कामाचे ठिकाण. तंबाखूची भुकटी त्याच खोलीत उडते जिथे पोर झोपलेले असते. विडी कामगारांसाठीही १९६६ आणि १९७६ मध्ये कायदे झाले, परंतु लाभ मागताना पुन्हा ओळखपत्रच दाखवावे लागते.

सिलिकोसिस कित्येकदा नोकरी सुटल्यावर वर्षांनी डोके वर काढतो. तेव्हा भरपाई मागायची तर माणूस कुठे, किती वर्षे, कोणत्या कामावर होता हे दाखवावे लागते. जुनी सेवा-पुस्तिका, छातीच्या फोटोचा अहवाल, मजुरीची पावती, ठेकेदाराने दिलेली एखादी चिठ्ठी, अशा कागदांवरच दावा उभा राहतो किंवा पडतो. हजेरी लिहिणाऱ्यांच्या आणि दवाखान्यात काम केलेल्यांच्या घरांत असे कागद अजून माळ्यावर असतील. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाण्याआधी मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावेत. आम्ही त्यांच्या प्रती काढून मूळ कागद परत देऊ. सोबत कुणाचा कागद, कोणती खदान आणि कोणते साल एवढे लिहून ठेवले तरी पुरे.